बेसबॉलच्या प्लेऑफ मॅचचं स्कोअरकार्ड कसं वाचायचं: २०१६ ची सातवी मॅच समोर ठेवून

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरींच्या मधेमधे बेसबॉलचे स्क्रीनशॉट पडायला लागतात आणि निम्मी मंडळी नुसताच अंगठा दाखवून पुढे जातात, कारण त्या आकड्यांच्या चौकटीत नक्की काय लिहिलंय ते कुणालाच विचारायचं नसतं. क्रिकेट कळणाऱ्याला बेसबॉलचा खेळ समजायला फार वेळ लागत नाही हो, गाडी अडते ती स्कोअरकार्डापाशी. तिकडे त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकाराने १८५० च्या दशकाच्या शेवटी तो रुळवला, आणि गंमत म्हणजे हा माणूस मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. म्हणजे तसं बघितलं तर लांबचा नातेवाईकच आहे आपल्या स्कोअरकार्डाचा.

नियमांची यादी पाठ करून हे येत नाही. एक मॅच घ्यायची आणि तिचंच कार्ड वरून खाली वाचायचं. मी घेतलीय २०१६ च्या वर्ल्ड सिरीजची (म्हणजे फायनलची) सातवी मॅच, शिकागो कब्ज विरुद्ध क्लीव्हलंड इंडियन्स (ही टीम आता गार्डियन्स नावाने खेळते, पण तेव्हाच्या कार्डावर इंडियन्सच दिसेल). ही मॅच निवडायचं कारण असं की हिच्यात जवळजवळ सगळंच झालं, आणि बॉक्स स्कोअर जिथे जिथे नवख्या माणसाला फसवतो ती प्रत्येक जागा हिच्यात सापडते. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, कार्डावरचा प्रत्येक आकडा कुठल्यातरी नियमाने कुणाच्यातरी नावावर टाकलेला असतो, आणि तो नियम माहीत नसेल तर तुम्ही भलत्याच माणसाची पाठ थोपटता.

पायरी १: मॅच शोधा, आणि तारखेत अडकू नका

बेसबॉल रेफरन्स नावाची साइट आहे, फुकट आहे, तिथे शंभराहून जास्त वर्षांचे आकडे पडलेत. एमएलबीच्या (म्हणजे तिकडच्या मुख्य लीगच्या) अॅपवर पण मिळतं, पण जुन्या मॅचसाठी मला पहिलीच बरी वाटते. तारीख टाकताना अमेरिकेची टाकायची. ही मॅच २ नोव्हेंबर २०१६ ची, क्लीव्हलंडच्या प्रोग्रेसिव्ह फील्डवर रात्री आठच्या सुमारास सुरू झाली, म्हणजे आपल्याकडे ३ तारखेची पहाटे साडेपाच, भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले. संपली ती तिकडेही मध्यरात्र उलटल्यावर, पण कार्डावर तारीख सुरुवातीचीच राहते. भारतातून लाइव्ह बघायचं असेल तर हाच हिशोब धरा, पूर्व किनाऱ्यावरची रात्रीची मॅच आपल्याला पहाटे, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की आणखी एक तास उशिरा.

पायरी २: प्लेऑफमध्ये ही मॅच कुठे बसते ते बघा

साध्या सीझनमध्ये प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते, हो, एकशे बासष्ट. त्यातून वर आलेल्या टीम प्लेऑफमध्ये जातात. तेव्हा १० टीम जायच्या, २०२२ पासून १२ जातात. आधी वाइल्ड कार्ड, मग डिव्हिजन सिरीज पाचातली तीन, मग लीग चॅम्पियनशिप सातातल्या चार, आणि शेवटी वर्ल्ड सिरीज, ती पण सातातल्या चार. सातवी मॅच म्हणजे ३-३ बरोबरी झालेली, आज जो जिंकेल तो चॅम्पियन, उद्या नाही.

इथे क्लीव्हलंड ३-१ ने पुढे होतं आणि कब्जने लागोपाठ दोन जिंकून बरोबरी केलेली. कब्ज याआधी वर्ल्ड सिरीज जिंकलेले १९०८ साली, म्हणजे १०८ वर्षांपूर्वी. क्लीव्हलंडचाही दुष्काळ काही लहान नव्हता, त्यांची शेवटची १९४८ ची. शिकागोत तर बोकडाचा शाप म्हणून एक कथाच होती, १९४५ साली एका हॉटेलवाल्याला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं आणि त्याने तळतळाट दिला वगैरे. त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा, पण त्या रात्री अमेरिकेत सुमारे ४ कोटी लोक टीव्हीसमोर का बसले होते ते यावरून कळतं.

अजून एक, प्लेऑफचे आकडे सीझनच्या आकड्यांत मिळवत नाहीत. वेगळा खाना असतो. एखाद्या खेळाडूचं पान उघडलं की वर साधा सीझन आणि खाली कुठेतरी पोस्टसीझन, ते दोन एकत्र वाचू नका.

पायरी ३: वरची एक ओळ, लाइन स्कोअर

पान उघडल्यावर सगळ्यात वर दोन ओळी दिसतात, त्या अशा:

कब्ज: १ ० ० २ २ १ ० ० ० २ | ८ १३ ३
क्लीव्हलंड: ० ० १ ० २ ० ० ३ ० १ | ७ ११ १

रेघेच्या डावीकडे प्रत्येक इनिंगच्या रन्स (चारही बेस फिरून बॅटर परत घरी आला की एक रन, आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात). पाहुणी टीम वर लिहितात कारण ती आधी बॅटिंग करते, यजमान खाली. उजवीकडचे तीन आकडे म्हणजे एकूण रन्स, एकूण हिट्स (मारून सुखरूप बेसवर पोचले ते) आणि एरर्स (फील्डिंगच्या चुका), याच क्रमाने, नेहमी. आर, एच, ई.

साधारण मॅच ९ इनिंगची, इथे दहा खाने आहेत म्हणजे नवव्याअखेर ६-६ बरोबरी होती. हे कुठे लिहिलेलं नसतं, तुम्ही आडवी बेरीज करून काढायचं. करून बघाच एकदा, सवय लागते. पाचव्या इनिंगनंतर कब्ज ५-३, सहाव्यानंतर ६-३, आणि मग क्लीव्हलंडच्या आठव्यात तो ३ चा आकडा. एवढं वाचलं तरी मॅचचा आकार कळतो, कुणी पळ काढला आणि कुणी कुठे गाठलं. एररचा खाना पण बघा, जिंकणाऱ्या टीमच्या तीन चुका आणि हरणाऱ्यांची एक. असं फार वेळा होत नाही.

जादा इनिंगबद्दल एक जाता जाता: २०२० पासून साध्या सीझनमध्ये दहाव्या इनिंगला दुसऱ्या बेसवर एक रनर फुकट उभा करतात, मॅच लवकर संपावी म्हणून. प्लेऑफमध्ये हे लाड नाहीत. तिथे शून्यापासूनच सुरू.

पायरी ४: बॅटिंगचा तक्ता

नाव, मग एबी, आर, एच, आरबीआय, बीबी, एसओ असे रकाने. एच म्हणजे हिट, आर म्हणजे तो स्वतः फिरून घरी आला ती रन, बीबी म्हणजे वॉक, चार बॉल बाहेर पडल्याने फुकट मिळालेला पहिला बेस, एसओ म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन आउट. हे सोपं आहे. घोळ होतो तो एबी आणि आरबीआयमध्ये.

एबी, म्हणजे ऍट बॅट, याचा अर्थ तो किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला असा नाही! वॉक मिळाला तर एबी धरत नाहीत, बॉल अंगावर लागला तर धरत नाहीत, आणि सॅक्रिफाइस फ्लाय असेल तरी धरत नाहीत. चौथ्या इनिंगमध्ये ऍडिसन रसेलने उंच मारला, कॅच झाला, पण तिसऱ्या बेसवरचा क्रिस ब्रायंट कॅच झाल्यावर पळत घरी आला. रसेल आउट, पण त्याच्या एबीमध्ये भर नाही आणि वर एक आरबीआय जमा. क्रिकेटच्या डोक्याला हे पटायला जरा वेळ लागतो, आउट होऊन आकडा सुधारतो म्हणजे काय.

आरबीआय म्हणजे तुझ्या बॅटिंगमुळे कुणीतरी (तू स्वतः धरून) घरी आला. आता या मॅचमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. कब्जच्या आठ रन्स आणि आरबीआयच्या रकान्यात आठ वेगवेगळी नावं: फाउलर, रसेल, कॉन्ट्रेरास, बाएझ, रिझ्झो, रॉस, झोब्रिस्ट, मॉन्टेरो. प्रत्येकी एक! एकानेही दोन नाही. हे कॉमेंट्रीत कुणी सांगितलं नाही तरी रकाना खाली वाचत गेलात की आपोआप दिसतं.

क्लीव्हलंडचं उलटं. सात रन्स, पण आरबीआय मोजा: सँटाना १, गायर १, राजाय डेव्हिस ३. झाले पाच. मग दोन रन्स गेल्या कुठे? असं काही कमी भरलं की थांबायचं आणि खाली शोधायचं, तिथे हमखास काहीतरी गंमत लपलेली असते. ती पायरी ६ मध्ये.

नावांच्या मधे थोडी आत सरकवलेली नावं दिसतील, ते बदली आलेले. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही, त्यामुळे ही आत सरकलेली नावं फार महत्त्वाची. दहाव्या इनिंगमध्ये काइल श्वार्बरच्या खाली आल्बर्ट अल्मोरा दिसेल, एबी शून्य, हिट शून्य, आणि आर १. बॅटला हात न लावता रन, कारण तो फक्त श्वार्बरच्या जागी पळायला आला होता.

पायरी ५: पिचिंगचा तक्ता, इथे सावकाश

सगळ्यात जास्त फसवाफसवी इथे आहे.

पहिलं, आयपी म्हणजे इनिंग्ज पिच्ड. तिथे ४.२ लिहिलेलं दिसलं तर ते चार पूर्णांक दोन दशांश नाही, चार इनिंग आणि वर दोन आउट. आपल्या ओव्हर्समध्ये ४.२ म्हणजे चार ओव्हर दोन बॉल असतं ना, तसंच, फक्त इथे पॉइंटनंतर १ किंवा २ च येऊ शकतं कारण तीन आउटला इनिंग पूर्ण. कब्जचे पिचर (आपले बोलर समजा) बघा: हेन्ड्रिक्स ४.२, लेस्टर ३.०, चॅपमन १.१, एडवर्ड्स ०.२, माँटगोमेरी ०.१. बेरीज करा, बरोबर दहा. जुळली नाही तर तुम्ही कॅल्क्युलेटर वापरलाय.

दुसरं, रन कुणाच्या नावावर? नियम असा की ज्या पिचरने त्या रनरला बेसवर पोचू दिलं, रन त्याच्या खात्यात, मग तो रनर घरी येताना पिचर दुसराच का असेना. आठवी इनिंग घ्या. जॉन लेस्टरने दोन आउट काढले, मग क्लीव्हलंडच्या रामिरेझने इनफिल्डमध्येच एक हिट काढला. कब्जचा मॅनेजर जो मॅडनने लेस्टरला काढून अरोल्डिस चॅपमनला आणलं. गायरने चॅपमनला डबल (एका हिटवर दोन बेस) मारला, रामिरेझ घरी, ६-४. ही रन गेली लेस्टरच्या नावावर, जो तेव्हा डगआउटमध्ये बसला होता. मग आला राजाय डेव्हिस, होमरन (भिंतीपलीकडे, आपला सिक्सर म्हणा) मारणारा म्हणून ओळख नाही, त्याचं नाव बेस चोरण्यात, म्हणजे बॅटरने न मारताच पुढचा बेस पळून गाठण्यात, त्याने बॅट मुठीच्या जरा वर धरलेली, म्हणजे छोटी करून, आणि डावीकडच्या भिंतीवरून सपाट होमरन. ६-६. या दोन रन्स मात्र चॅपमनच्या.

आता कार्डावर चॅपमनच्या नावापुढे काय लिहिलंय बघा. बीएस, म्हणजे ब्लोन सेव्ह, हातातली आघाडी घालवली. आणि त्याच्याच बाजूला डब्ल्यू. विन! जिंकून देणारा पिचर म्हणून नोंद त्याचीच. नवीन माणूस इथे कपाळाला हात लावतो. नियम साधा आहे, तुमच्या टीमने जी आघाडी शेवटपर्यंत टिकवली ती घेतली तेव्हा तुमचा शेवटचा पिचर कोण होता? चॅपमनने नववी इनिंग शून्यावर काढली, दहाव्याच्या वरच्या अर्ध्यात (पाहुण्यांच्या बॅटिंगला) कब्जने दोन रन्स केल्या, म्हणजे तेव्हाचा पिचर तोच. झाला विनर. ज्याने आघाडी घालवली त्यालाच विजय, बेसबॉलच्या दरबारात हे चालतं. म्हणून पिचरचा डब्ल्यू हा आकडा मी तरी सगळ्यात शेवटी बघतो, खरं तर बघतच नाही.

पण चॅपमनला नुसतं झोडपणंही बरोबर नाही, आणि ते कळायला याच मॅचचं कार्ड पुरत नाही, आधीच्या दोन मॅचचं उघडावं लागतं. पिचिंगच्या तक्त्यात शेवटी कुठेतरी पिचची, म्हणजे टाकलेल्या बॉलची, संख्या असते. पाचव्या मॅचमध्ये त्याने ४२ पिच टाकल्या, सहाव्यात २०, आणि या सातव्यात ३५. एका क्लोजरला, ज्याचं काम एक इनिंग टाकून घरी जायचं, त्याला चार दिवसांत ९७ पिच. त्यातली सहावी मॅच तर कब्ज ७-२ ने पुढे असताना. मॅडनवर त्यासाठी जी टीका झाली ती अजून संपलेली नाही, आणि माझ्या मते रास्तच होती. डेव्हिसचा होमरन वाचताना त्याआधीच्या या पिच पण वाचायच्या.

एस म्हणजे सेव्ह, शेवटी येऊन आघाडी राखल्याचं श्रेय. तो मिळाला माइक माँटगोमेरीला, दोन पिच टाकून, एक आउट. त्याच्या करिअरचा पहिलाच सेव्ह, आणि तो कुठे तर सातव्या मॅचच्या दहाव्या इनिंगमध्ये. एल, म्हणजे हरलेला पिचर, क्लीव्हलंडचा ब्रायन शॉ.

ईआरए पण बघून घ्या. नऊ इनिंगला सरासरी किती रन्स दिल्या ते, फक्त अर्न्ड रन्स धरून, म्हणजे फील्डरच्या चुकीने आलेल्या वगळून. अर्न्ड रन्स गुणिले नऊ भागिले इनिंग्ज. चॅपमनच्या या रात्रीच्या दोन रन्स चार आउटमध्ये, हिशोब केला तर १३.५०. एडवर्ड्सने एक रन दिली दोन आउटमध्ये, त्याचंही १३.५०. माँटगोमेरीचं ०.००. एका रात्रीचा ईआरए किती कामाचा असतो ते यावरून समजा. शिवाय कार्डावर छापलेला ईआरए बऱ्याचदा त्या मॅचचा नसतोच, सगळ्या पोस्टसीझनचा मिळून असतो, तेव्हा तो आणि त्या रात्रीच्या रन्स जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका.

समोरच्या बाजूला कोरी क्लूबर बघा. पहिल्या मॅचमध्ये या माणसाने ९ स्ट्राइकआउट काढलेले, त्यातले आठ पहिल्या तीनच इनिंगमध्ये. सातव्या मॅचमध्ये त्याच रकान्यात शून्य. तीन दिवसांच्या विश्रांतीवर टाकत होता, सिरीजमधली त्याची तिसरी मॅच, आणि तोवर कब्जच्या बॅटर्सनी त्याला दोनदा बघितलेलं. मॅचमधल्या पहिल्याच बॅटरने, डेक्स्टर फाउलरने, त्याला होमरन मारला, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचची सुरुवात होमरनने असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. पाचव्याच्या सुरुवातीला बाएझचा होमरन लागला आणि क्लूबर बाहेर. एसओचा रकाना शून्य दिसला की हात थकलाय का हा प्रश्न विचारायचा, उत्तर बहुतेक वेळा हो असतं.

पायरी ६: खालची बारीक अक्षरं

तक्त्यांच्या खाली एक परिच्छेद असतो बारीक टाइपात, डबल कुणी, होमरन कुणी, एरर कुणाची, वाइल्ड पिच (पिचरचा भरकटलेला बॉल) कुणाची. लोक हा वाचतच नाहीत, आणि मला विचाराल तर मॅच इथेच असते.

क्लीव्हलंडच्या त्या हरवलेल्या दोन रन्स इथे सापडतात: वाइल्ड पिच, लेस्टर. पाचवी इनिंग, कब्ज ५-१ ने पुढे, दोन आउट. हेन्ड्रिक्स छान टाकत होता, त्याने सँटानाला वॉक दिला आणि मॅडनने त्याला लगेच काढलं. लेस्टर आला, आणि त्याच्याबरोबर त्याचा ठरलेला कॅचर (आपला विकेटकीपर समजा) डेव्हिड रॉस, वय वर्षं ३९, करिअरची शेवटची मॅच. आल्या आल्या किपनिसने एक बॉल समोरच खुरटला, रॉसने उचलून पहिल्या बेसकडे फेकला तो भरकटला. एरर, रॉस. रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. मग लेस्टरचा एक बॉल जमिनीवर टप्पा खाऊन थेट रॉसच्या मास्कवर आदळला, बॉल एकीकडे, रॉस दुसरीकडे कोलमडलेला, आणि तो उठून बॉलपर्यंत पोचेतो तिसऱ्यावरचा तर आलाच, दुसऱ्या बेसवरचा किपनिस पण घरी. ५-३.

यात बॅटरने काहीच केलं नाही, म्हणून आरबीआय कुणालाच नाही. आणि बॉल कॅचरच्या तोंडावर लागला तरी चूक पिचरची धरली, कारण असा टप्प्याचा बॉल साध्या प्रयत्नात धरता येत नाही असं स्कोअरर ठरवतो. धरता येण्यासारखा सुटला असता तर पास्ड बॉल, आणि तो कॅचरच्या नावावर. दोन रन्सपैकी सँटानाची हेन्ड्रिक्सच्या खात्यात, वॉक त्याने दिलेला ना. किपनिसची लेस्टरच्या. नियम पायरी ५ मधलाच.

आणि त्याच परिच्छेदात होमरनच्या यादीत परत रॉस! पुढच्याच इनिंगमध्ये, क्लीव्हलंडच्या अँड्र्यू मिलरला, जो त्या पोस्टसीझनमध्ये कुणाला हात लावू देत नव्हता. सातव्या मॅचमध्ये होमरन मारणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला तो. एकाच माणसाचं नाव एररमध्ये पण आणि होमरनमध्ये पण, मधे जेमतेम अर्धी इनिंग.

पायरी ७: प्ले-बाय-प्ले उघडा, निदान शेवटच्या इनिंगचा

बॉक्स स्कोअर बेरीज सांगतो, क्रम सांगत नाही. क्रमासाठी खाली प्ले-बाय-प्ले असतं. सगळं वाचायची गरज नाही, जिथे स्कोअर बदलला तेवढं पुरे. दहावी इनिंग आपण बरोबर वाचू.

नववी संपल्यावर पाऊस आला, मैदानावर ताडपत्री पडली, १७ मिनिटं खेळ बंद. कार्डावर याची नोंद एका ओळीत, पण त्या १७ मिनिटांत कब्जच्या जेसन हेवर्डने सगळ्यांना वेट रूममध्ये गोळा करून धीर दिला ही गोष्ट नंतर सगळ्यांनीच सांगितली. त्यामुळे किती फरक पडला ते मोजायचा रकाना नाही.

वरचा अर्धा भाग. श्वार्बरचा सिंगल, त्याच्या जागी अल्मोरा पळायला. ब्रायंटने खोल सेंटरला उंच मारला, कॅच, पण अल्मोराने थांबून, कॅच होताक्षणी पळून दुसरा बेस गाठला. बॅटिंगच्या तक्त्यात ब्रायंटचा हा नुसता आउट आहे आणि अल्मोराच्या त्या पळण्याची कुठेच नोंद नाही! माझ्या हिशोबात इनिंगमधली सगळ्यात हुशार चाल तीच, कारण पहिला बेस रिकामा झाला आणि क्लीव्हलंडने रिझ्झोला मुद्दाम वॉक दिला. (२०१६ मध्ये अजून त्यासाठी चार बॉल खरोखर बाहेर टाकायला लागायचे, २०१७ पासून नुसता इशारा केला की झालं.) मग बेन झोब्रिस्टने डाव्या लाइनीला लागून डबल मारला, अल्मोरा घरी, ७-६. रसेललाही मुद्दाम वॉक, बेस भरले, मॉन्टेरोचा सिंगल, रिझ्झो घरी, ८-६.

खालचा अर्धा भाग. एडवर्ड्सने दोन आउट काढले, मग गायरला वॉक दिला. गायर आरामात दुसऱ्या बेसवर गेला, कुणी अडवलंच नाही, आणि त्याला स्टोलन बेस मिळाला नाही. याला डिफेन्सिव्ह इनडिफरन्स म्हणतात, समोरच्यांनी तुझी दखलच घेतली नाही म्हणून चोरीचं श्रेय पण नाही. पुन्हा डेव्हिस, पुन्हा हिट, गायर घरी, ८-७. माँटगोमेरी आला. समोर मायकेल मार्टिनेझ, जो नवव्या इनिंगमध्ये फील्डिंगसाठी कोको क्रिस्पच्या जागी आणलेला. तो आत सरकलेल्या नावांपैकी एक, आणि सिरीजचा शेवटचा बॅटर तोच ठरला. प्ले-बाय-प्लेमध्ये त्याच्यापुढे ५-३ लिहिलेलं असतं.

हा ५-३ स्कोअर नाही. प्रत्येक फील्डिंगच्या जागेला नंबर आहे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट ७, ८, ९. म्हणजे ५-३ चा अर्थ तिसऱ्या बेसवाल्या ब्रायंटने उचलला आणि पहिल्या बेसवाल्या रिझ्झोकडे फेकला. व्हिडिओत बघा, ब्रायंटचा पाय जरा घसरतो आणि तरी तो फेकताना हसतोय. रिझ्झोने तो बॉल लगेच मागच्या खिशात घातला.

पायरी ८: सरासरी बघताना किती मॅचची ते आधी बघा

प्लेऑफमधल्या सरासऱ्या हा निव्वळ धोका आहे, कारण खेळ इतका थोडा असतो. श्वार्बरचंच बघा. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात गुडघा फाटला, २०१६ च्या साध्या सीझनमध्ये त्याची सरासरी .०००, चार एबीत एकही हिट नाही. सहा महिने बाहेर, आणि थेट वर्ल्ड सिरीजमध्ये येऊन १७ एबीत ७ हिट, .४१२. (सरासरी म्हणजे हिट भागिले एबी, ती अशीच लिहितात, पॉइंटनंतर तीन आकडे, .३०० म्हणजे उत्तम.) डॉक्टरांनी फील्डिंगला परवानगीच दिली नव्हती, म्हणून तो फक्त क्लीव्हलंडच्या मैदानावर डीएच म्हणून पूर्ण खेळला, कारण तेव्हा फील्डिंग न करता फक्त बॅटिंग करायची ही सोय अमेरिकन लीगच्या (दोन लीगपैकी क्लीव्हलंड ज्यात आहे तिच्या) मैदानांवरच होती, २०२२ पासून सगळीकडे आहे. आता .००० वरून तो वाईट ठरत नाही आणि .४१२ वरून देव ठरत नाही. १७ एबी म्हणजे एरवी सीझनमधले चार-पाच दिवस.

झोब्रिस्ट सिरीजचा एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) झाला, २८ एबीत १० हिट, .३५७. पण त्या शेवटच्या रात्रीच्या तक्त्यात त्याची ओळ बघितलीत तर एकच हिट दिसेल. तो एक हिट कधी आला हे तक्ता सांगत नाही, म्हणून डब्ल्यूपीए नावाचा एक आकडा आलाय. प्रत्येक प्लेमुळे जिंकायची शक्यता किती टक्के हलली ते त्यात मोजतात आणि खेळाडूच्या नावावर जमा किंवा वजा करतात. बेसबॉल रेफरन्सवर तो बॅटिंगच्या तक्त्यातच उजवीकडे असतो. सुरुवातीला बाकी सगळं सोडलंत तरी चालेल, ओपीएस, व्हिप वगैरे हळूहळू येईल, हा एक रकाना मात्र बघत जा.

सरावासाठी

आता दुसरी मॅच तुम्ही एकट्याने वाचा. २७ ऑक्टोबर २०११, वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, सेंट लुइस कार्डिनल्स १०, टेक्सस रेंजर्स ९, अकरा इनिंग. आधी दोन्हीकडचे आरबीआय मोजा आणि रन्सशी जुळवा. मग पिचर्सचे आयपी मोजा. कार्डिनल्सचे ११ भरतील आणि रेंजर्सचे १० च, ते बरोबर आहे, कार्ड चुकलेलं नाही. अकराव्याच्या खालच्या अर्ध्यात पहिल्याच बॅटरने, डेव्हिड फ्रीझने, होमरन मारला आणि मॅच तिथेच संपली, रेंजर्सच्या पिचरला एकही आउट मिळाला नाही. नंतर नवव्या इनिंगचा प्ले-बाय-प्ले उघडा, दोन आउट, दोन स्ट्राइक, आणि बॅटवर परत हाच फ्रीझ.